बीअर उन्हात ठेवणारे देवाजीभाऊ

देवाजीभाऊ बीअर उन्हात ठेवत. मे महिन्यात, सकाळी दहाला, सिंदेवाहीच्या उन्हात, जिथं त्या वेळी कावळासुद्धा कौलावर पाय टेकवत नाही. अंगणाच्या बुटक्या भिंतीवर स्टीलच्या पाच वाट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत दोन घोट बीअर, वर झाकणी, झाकणीवर खडूने आकडा. नाव दिसता कामा नये म्हणून बाटल्या पोत्याखाली. बीअर आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट झाली की भाऊ चूळ भरत, चष्मा पुसत आणि पहिली वाटी तोंडाला लावत. डोळे मिटून घोट तोंडात इकडून तिकडे फिरवत आणि शेवग्याच्या बुंध्याशी थुंकून टाकत. एक थेंब गिळत नसत. तो शेवगा त्या वर्षांत फार जोमाने वाढला.

भाऊ आमचे शेजारी. सारी नोकरी त्यांनी गावच्या भात संशोधन केंद्रात काढली. नव्या वाणाचा तांदूळ शिजवून चाखायचा आणि गुण द्यायचे, हे त्यांचं काम. तिथला छापील तक्ता त्यांना पाठ होता: रूप, वास, चिकटपणा, चव आणि शेवटी 'पुन्हा घ्यावंसं वाटतं का'. दहापैकी सात पडले तर वाण पास, नाहीतर परत शेतात. भात ते नेहमी गार करून चाखत. म्हणत, "गरम भात सगळ्यायलेच गोड लागते. दुपारी डब्बा उघडला का समजते त्याची जात."

एकदा साहेबांनी स्वतः तयार केलेला वाण आला. बाकीच्यांनी आठ-आठ दिले. भाऊंनी सहा. साहेब म्हणाले, देवाजी, पुन्हा एकदा चाखून बघ. भाऊंनी निमूट चाखला आणि साडेपाच दिले. "मंघापेक्षा अजून गार झाला होता, साहेब." साहेब हसले आणि वाण परत शेतात गेला. ही गोष्ट भाऊ सांगत तेव्हा त्यात शौर्याचा लवलेश नसे. भात गार झाला, गुण कमी झाले, यात सांगण्यासारखं काय आहे, असाच सूर.

निवृत्तीनंतर भात चाखायचा राहिला तो घरचा. त्यालाही ते गुण देत, आणि सुमनबाई, त्यांची बायको, कधीकधी बोलणं बंद करत. मग त्यांची मुलगी प्रज्ञा पुण्यात एका छोट्या बीअरच्या कारखान्यात नोकरीला लागली. असे कारखाने थोडी थोडी बीअर आपल्या हाताने, आपापल्या चवीची करतात. आमच्या जिल्ह्यातली दारूबंदी तोवर उठली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रज्ञा ठिकठिकाणच्या बाटल्यांचा खोका घेऊन आली. परवान्याचा कागद तिने सगळ्यात वर ठेवला होता, कारण शेजारी माझी आई राहत होती.

माझी आई, कुंदाबाई, हिने बंदीसाठी अर्धं आयुष्य रस्त्यावर काढलं. मी पत्रकांवर वाढले. माझी अक्षरओळख 'दारूचा एक थेंब' या ओळीवर झाली. पाळण्याखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि उवा काढतानाही खाली पत्रकच पसरलेलं. बंदी उठल्यावर आई धानोऱ्याकडच्या बायांचं उदाहरण देऊन सांगे, गडचिरोलीत अजून टिकून आहे, आपली का गेली? तिचा प्रश्न मी माझ्या पत्रकांत विचारत होते, जरा मोठ्या आवाजात. आणि भिंतीपलीकडे पाच वाट्या मांडलेल्या. मी हातात ताजं पत्रक घेऊन तरातरा गेले.

"भाऊ, तुम्ही विहारात दर रविवारी पंचशील म्हणता. पाचवं शील काय हाय?"

"मद्य घेणार नाई."

"अन् हे काय करून राह्यले?"

"घशाखाली गेली तं घेतली. जिभेवर हाय तोवर तपासणी." त्यांनी शेवग्याकडे बोट केलं. "घेते तो हा."

मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे. ते शांतपणे म्हणाले, "असन बी. हातात काय हाय तुया?" पत्रक त्यांनी घेतलं, नाकाला लावलं, दूर धरून वाचलं. मग म्हणाले, "रूप आठ. वास नऊ, शाई ताजी हाय. चव चार. मीठ जास्त झालं, पोरी. 'राक्षस' पाच वेळा आला. एकदाच आला असता तं भेव वाटलं असतं. पाच वेळा आला म्हंजे तो इथीच राह्यते, भाडेकरू हाय."

प्रज्ञा ओट्यावर तोंडाला ओढणी लावून हसत होती. मी संतापाच्या भरात मनातल्या मनात राक्षस मोजत होते. सहा होते. भाऊंनी एक दयेने सोडला होता.

त्याच दिवशी त्यांनी मला कारकून नेमलं. "आमच्या इथी नियम होता. चाखणाऱ्यानं लिहायचं नाई, लिहिणाऱ्यानं चाखायचं नाई. प्रज्ञा तं मालवालीच हाय. तुयासारखी न पेणारी मले कुठी भेटन?" मी होकार दिला. आईला सांगितलं की शत्रूच्या गोटात नजर ठेवायला माणूस हवा. आई म्हणाली, "नजर ठेव. अक्षर चांगलं काढ."

असे दोन उन्हाळे मी भाऊंच्या वहीत बीअरचे गुण लिहिले. बहुतेक नापास. फेसाळ, नावाजलेल्या एका बीअरला त्यांनी तीन दिले: "नवरदेवाच्या मामासारखी हाय. येतानी धामधूम, बसली का काईच नाई." आंब्याची म्हणून आलेलीला: "आंबा याच्या घरासमोरून गेला असन." एकीच्या वासापुढे मी 'पावसात भिजलेलं पोतं' असं लिहिलं आणि त्यांनी ते खोडायला लावून 'युरियाचं पोतं' करायला लावलं. चिकटपणाचा रकाना बीअरला कशाला, असं विचारलं तर ते दोन बोटं बुडवत, एकमेकांवर दाबत आणि सांगत, "लिही, बोट सुटते."

प्रज्ञा दरवर्षी वाद घाली. "बाबा, हे थंडच पेतात. थंडीसाठीच बनवतात."

"थंड असलं का जीभ बधिर होते. मंग गुण कोनाले देऊ, बर्फाले?"

तरी खोका दरवर्षी यायचा. पुण्यात तिच्या आसपास बीअरला नऊच्या खाली कोणी उतरत नव्हतं, सगळे एकमेकांचे मित्र. सहाला सहा म्हणणारी जीभ तिला एकच माहीत होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती खोका न आणता एकच बाटली घेऊन आली. त्यात तिची स्वतःची बीअर होती, भाऊंच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, तांदळाची. मालकाने सांगितलं होतं, तू हो म्हणालीस तर या उन्हाळ्यात तुझ्या नावाने बाजारात काढू, सोमवारपर्यंत कळव. प्रज्ञाने ठरवलं होतं, बाबा सात म्हणाले तर हो. हे तिने मला सांगितलं, त्यांना नाही. त्यांना सांगून उपयोगही नव्हता, त्यांनी साडेसहाच दिले असते.

भाऊ होळीच्या सुमारास तापाने पडले होते. उठले ते चिडचिडे होऊन. सुमनबाईंच्या भाजीला तीन, पन्ह्याला दोन. "सुमन, तुया हाताची चव गेली," असं ते दोन महिने म्हणत होते आणि त्या बिचाऱ्या मसाला वाढवत होत्या.

त्या सकाळी भिंतीवर एकच वाटी होती. ती कोमट होईपर्यंत प्रज्ञाने अंगण दोनदा झाडलं. भाऊंनी घोट घेतला, फिरवला, थुंकला. पुन्हा घेतला. मी पेन टेकवून बसले. "लिही," ते म्हणाले आणि थांबले.

तेवढ्यात आत दूध उतू जाऊन करपलं. वास असा आला की प्रज्ञा आणि मी एकदमच दाराकडे वळलो, सुमनबाई धावल्या. भाऊ वाटीत बघत बसले होते.

"काय झालं?" आमची तोंडं बघून त्यांनी विचारलं.

"दूध करपलं, बाबा."

"कवा?"

भाऊंनी वाटी नाकाखाली धरली, खोल श्वास घेतला. मग खिशातल्या रुमालाचा वास घेतला. मग शेवग्याचा पाला चुरगळून त्याचा. "कडू समजते," ते हळूच म्हणाले, "आंबट समजते. बाकी काईच नाई." आणि दाराकडे तोंड करून, "सुमन, तुया हाताचे गुण वापस घे. माई चूक होती."

आतून उत्तर आलं, "मंग तो दोन महिन्याचा मसाला कोन भरून देईन?"

प्रज्ञा त्यांच्यापाशी बसली. "बाबा, अंदाजानं द्या. तुमचा अंदाजही लोकायपेक्षा बरा."

मला वाटलं, आता देतील. मुलगी आहे, आठ म्हटलं तर कोण विचारणार? मीसुद्धा लिहिलं असतं, सुवाच्य अक्षरात. भाऊ म्हणाले, "अंदाज हवामानवाले देतात. लिही पोरी: तपासणारा नापास."

मी लिहिलं. ते खोडून मिळेल का, असं प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मग भाऊंनी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"वास तू घे."

"मी? भाऊ, मी हिला शिवणार नाई असं छापलंय."

"शिवू नको. वासावर कोनती बंदी हाय?"

माझं तत्त्व आणि प्रज्ञाचा चेहरा यांच्यामध्ये ती वाटी. मी हात पाठीमागे बांधले, वाकले आणि वास घेतला. "तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा येते."

"पहिल्या पाण्यासारखा का दुसऱ्या?"

"पहिल्या."

"नीट घे. करपलेल्या दुधाचा वजा कर."

पुन्हा वाकले. "पहिल्याच."

भाऊ प्रज्ञाकडे वळले. "भात कच्चा राह्यला व. आदी पूर्न शिजवाचा होता."

प्रज्ञाने मान खाली घातली. बीअर केली त्या दिवशी गॅस संपत आला होता, तिने तांदूळ लवकर उतरवला होता. कुणालाच समजलं नव्हतं. वासापुढे सहा, असं भाऊंनी मला लिहायला लावलं. तिने सोमवारची वाट न बघता संध्याकाळीच मालकाला नाही म्हणून कळवलं आणि मग माझ्याजवळ बसून बाबांना भरपूर शिव्या घातल्या.

त्या हिवाळ्यात भाऊ गेले. मी तेव्हा गडचिरोलीकडे बायांच्या सभांसाठी फिरत होते, पोचले ती तिसऱ्या दिवशी. प्रज्ञाने वही माझ्या हातात दिली. कारकुनाची वही कारकुनाकडे. शेवटचं पान मी लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी केलेली बीअर ती भाऊंच्या खाटेशी घेऊन आली होती, आणि मी गावात नव्हते. पानावरचं अक्षर मी पाळण्यापासून ओळखते.

रूप: पिण्याच्या पाण्याला हा रंग नसतो. वास: आठ. चिकटपणा: बोट सुटते. चव: घेतली नाही, घेणार नाही. पुन्हा घ्यावंसं वाटतं का: प्रश्न चुकीचा आहे, निषेध.

त्याखाली भाऊंचं थरथरतं अक्षर: पास. साक्ष विरोधकाची.

मी भिंत ओलांडून घरी गेले. आई पत्रकांच्या घड्या घालत होती. नव्या पत्रकात राक्षस एकदाच होता, तोही मी तिसऱ्या वेळी खोडून एकावर आणलेला.

"आई, तू वास घेतला?"

"खाटेवरच्या मानसानं मांगितलं. नाई कशी म्हनू?"

"मंग दोन लिहाचे होते. नाईतर शून्य."

आईने घडीवर अंगठा दाबून नखाने रेघ ओढली. "काऊन? आठाचाच होता."