मापारी कानेपाच्या नाकाची नोंद

अम्ब्रोजो कानेपा जेनोवाच्या बंदरावर मापारी होता. कॉफीच्या पोत्यात मूठभर माल कमी असला तरी उचलताना त्याला कळायचं. अशा माणसाने एक दिवस न्हाव्याच्या आरशात पाहून आपलं नाक वाकडं झालंय असं ठरवलं आणि कामावर जाणं सोडलं. तीन वर्षं तो तोंडाला मफलर गुंडाळून घरात बसला. एर्सिलियाशी त्याचं लग्न ठरलेलं. शेवटी तिनेच त्याला ओढत आमच्या इस्पितळात आणलं. म्हणाली, "ईस्टरपर्यंत थांबेन. पुढे नाही."

मी तिथला नोंदणी कारकून. पहिल्या डॉक्टरांनी आजाराच्या रकान्यात 'नखरा' लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मग नवे डॉक्टर आले, मोजायचा लोखंडी चिमटा घेऊनच. त्या काळी आमच्याकडे चोर असो की कवी, आधी त्याचं डोकं मोजत. यांनी नाक मोजलं. टोक एक मिलिमीटर डावीकडे.

"एवढं प्रत्येकाचं असतं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे आहे," अम्ब्रोजो म्हणाला. "लिहून घेतलंत ना, कारकूनसाहेब?"

घ्या. तीन वर्षं हा जे एकटा म्हणत होता, ते आता इस्पितळाच्या कागदावर, माझ्या अक्षरात.

डॉक्टर वरमले. त्यांनी 'नखरा' खोडायला लावून नवं नाव सांगितलं, दिस्मोर्फोफोबिया. आमच्याच देशातल्या एका वैद्याने नुकतंच ग्रीकमधून घडवलेलं. मला ते तीनदा विचारावं लागलं.

"म्हणजे काय हो?" एर्सिलियाने विचारलं.

"चांगल्या दिसणाऱ्या माणसाला आपण कुरूप आहोत अशी धास्ती बसते. आजार आहे हा, थेरं नव्हेत."

एर्सिलियाने डोळे पुसले. "ऐकलंस ना रे? आता तरी येशील चर्चमध्ये, लग्नाला?"

अम्ब्रोजोने मफलर जरा खाली केला. "डॉक्टरसाहेब, असे आणखी आहेत?"

"बरेच."

"आणि त्यांची नाकं सरळ असतात?"

"अगदी सरळ."

अम्ब्रोजो कळवळला. खरंच कळवळला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"बिचारे," तो म्हणाला. "काही नसताना कोंडून घेतात."

एर्सिलियाने चर्चचं पुन्हा विचारलं नाही.