बुरख्यातले भावोजी

फलकावर त्यांचं वजन तीनशे पौंड लिहिलेलं असे. मी त्यांना एकदा मिठागराच्या काट्यावर उभं केलं, तेव्हा ते दोनशे आठ भरले. फलकावर त्यांचा मुलूखही बर्फाचा होता. प्रत्यक्षात ते जासईपासून पायी पाऊण तासावरच्या खाडीकाठच्या गावचे, आणि बर्फ त्यांनी पाहिलेला तो मासळीच्या टोपलीतला. हे माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. साठ सालानंतरची तीनेक वर्षं ते मुंबईत फ्रीस्टाइल कुस्त्यांमध्ये काळा बुरखा घालून खलनायक होत असत.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि मिठागरावर टोपल्या मोजायच्या कामावर होतो. आज त्या जागी कंटेनर एकावर एक रचलेले असतात. कामाधंद्यानिमित्त तिथून दुपारचा गेलो की मला ते दिसत नाहीत. दिसतं ते सगळं पांढरं. मिठाच्या राशी, त्यांच्यावरून हलणारी उन्हाची वाफ, आणि त्या वाफेत जमिनीपासून वीतभर वर तरंगत चालणारी माणसं. त्यात डोक्यावर एकावर एक दोन टोपल्या घेतलेले भावोजी. मी त्यांची एकच टोपली धरली की ते लांबूनच ओरडत, "ए मोजणीवाल्या, दोन लिव! लगीन केलंय तुझ्या बहिनीशी, म्हून काय निम्मा झालो का मी?"

माझे वडील गावच्या तालमीचे वस्ताद. भावोजी आधी त्यांचे शागीर्द आणि मग जावई. तालमीतला एक रिवाज इथेच सांगून ठेवतो. कसरत संपली की खुंटीवरचा वस्तादाचा फेटा एका शागिर्दानं उतरवून आणून द्यायचा, आणि तो दोन्ही हातांनी. एक हात लागला तर दुसऱ्या दिवशी शंभर बैठका जास्तीच्या. भावोजींनी आठ वर्षं तो फेटा आणून दिला आणि त्यांना अशा बैठका एकदाही काढाव्या लागल्या नाहीत. लग्न झाल्यावर वडील त्यांना "तू"ऐवजी "तुमी" म्हणू लागले. त्या दिवसापासून भावोजी तालमीत जरा अवघडून वावरत.

घरी सगळे समजत होते की ते मुंबईला गोदीत हमालीला जातात. खरं काय ते फक्त मला आणि बहिणीला ठाऊक होतं. वडिलांना फ्रीस्टाइलचा तिटकारा होता. कुणीतरी ओसरीवर तो विषय काढला तेव्हा ते म्हणाले होते, "ठरवून चीत होतो तो पैलवान नव्हं. तसला मानूस माझ्या उंबऱ्याच्या आत नको." आत बहीण तांदूळ निवडत होती. तिला सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण, ती माहेरी आलेली. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. तेवढंच. पण उंबरा बंद झाला तर आपलं मूल बापाशिवाय या घरात वाढणार, हे तिनं त्या थांबण्यात जोखलं असावं.

भावोजींनी मला एकदा मुंबईला नेलं. मोरा बंदरातून लाँचनं. खाडीवर धुकं होतं, आणि पलीकडचा काठ कधी आला ते कळलं नाही. नुसते दिवे पाण्यातून वर आल्यासारखे दिसू लागले. मैदानातही तसंच. विड्यांचा धूर झोताच्या उजेडात तरंगत होता आणि त्याच्या तळाशी, दोरांच्या चौकोनात, माझ्या बहिणीचा नवरा नायकाच्या डोळ्यांत बोटं घालत होता. हजारो माणसं उभी राहून त्याच्या आईबापांचा उद्धार करत होती. आमच्या घरी त्याच बोटांनी तो मासळीतले काटे काढून माझ्या आईच्या ताटात सरकवायचा.

मला मोजायची सवय. मी मनगटावरचं घड्याळ पाहत बसलो. त्या संध्याकाळी आणखी तीन खलनायक झाले. त्यांनी वाईट काही केलं की लोक लगेच ओरडत. भावोजींच्या वेळी आधी एक गप्प क्षण येई, एक सेकंद, क्वचित दोन, आणि मग आरडाओरडा. मला वाटलं, हीच मोजपट्टी. साधा खलनायक लोकांना चिडवतो. मोठा खलनायक त्यांना आधी दुखावतो. आणि दुखायला थोडा वेळ लागतो.

दुसरी गोष्ट आतल्या खोलीत कळली. नायक बाकावर बसून केळी खात होता आणि भावोजी त्याचा खांदा चोळत होते.

"जोरात लागलं का रे?"

"नाही हो. तुमच्याबरोबर असलो की मी डोळे मिटून पडतो."

परतताना मी विचारलं, "भावोजी, एवढ्या शिव्या खाता, वाईट नाय वाटत?"

"शिव्या बुरखा खातो. मी आतून फक्त बघतो, समोरचा पडताना त्याची मान आत हाय का भायेर." मग म्हणाले, "भीती एकाचीच हाय. मामांची." सासऱ्यांना ते मामा म्हणत.

त्या उन्हाळ्यात त्या कुस्त्या पनवेलला आल्या, रविवारी दुपारी, उघड्या मैदानात. आमच्या गावातली तीसेक माणसं मिठाच्या रिकाम्या ट्रकमधून निघाली. वडील येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते ठेवणीतला फेटा बांधून ओसरीवर आले आणि म्हणाले, "बघू तरी, खोटं कसं खेळतात ते." बहीण दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रकमध्ये चढलो. दुसरं काय करणार होतो?

वस्ताद म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. मी त्यांच्या मागे. मैदानावर ऊन असं पडलं होतं की दोर दिसत नव्हते. माणसं हवेत टेकून उभी आहेत असं वाटे. भावोजी आले, बुरख्यात. पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि एक पाऊल चुकलं. ते मला दिसलं.

त्या दिवशी त्यांचं काही जमेना. नायकाला खाली पाडून त्याचा हात पिरगाळला तर लोक हसले. केस ओढले, तर मागून कुणी म्हणालं, "विंचरतोय काय रे त्याला?" पुन्हा हशा. मग ते पावलं आपटत कोपऱ्याकडे गेले, आणि आमच्या गावचा एक म्हातारा मिठागरी मोठ्यानं बोलला, "आरं, ही चाल बघा! मिठाचं खाचर तुडवतोय जनू. बर्फातला कनचा? हा तर आपल्यातला हाय!"

मिठाच्या खाचराचा तळ चिखल तुडवून घट्ट करावा लागतो. वर्षानुवर्षं ते केलेला माणूस टाच आधी दाबतो आणि मग पाऊल वळवतो. आमच्या तीस माणसांनी ती चाल ओळखली. कुणी शिट्टी मारली. दोघं-तिघं टाळ्यांनी ठेका धरू लागले. आणखी थोडा वेळ गेला असता तर कुणीतरी नावच घेतलं असतं. वडील खुर्चीत पुढे वाकून बघत होते.

भावोजी दोराखालून बाहेर आले. सरळ पहिल्या रांगेशी. वडिलांसमोर उभे राहिले, त्यांच्या डोक्यावरचा फेटा उचलला, परत आखाड्यात चढले आणि सगळ्या मैदानाला दाखवून त्या फेट्यानं आपले पाय पुसले. आधी उजवा, मग डावा.

मी घड्याळाकडे का पाहिलं ते मला आजही सांगता येत नाही. चार सेकंद. त्या चार सेकंदांत मला मैदानापलीकडल्या झाडावरचा कावळा ऐकू आला. वडिलांचं उघडं, पांढरं, लहानसं डोकं माझ्या समोर होतं. मी ते घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

मग मैदान फुटलं. चपला, नारळाच्या करवंट्या, माती, हाताला येईल ते आखाड्यात पडू लागलं. ठेका धरणारे आमचेच लोक सर्वांत पुढे. चाल ओळखणारा म्हातारा मिठागरी काठी उगारून ओरडत होता, "हा आपल्यातला? आपल्यातला आसं करील?" नायकानं भावोजींना उचलून आपटलं, चीत केलं, फेटा घेतला आणि खाली येऊन वडिलांच्या पायाशी वाकून तो त्यांना दिला. लोकांनी त्या नायकाला असं डोक्यावर घेतलं की तसं त्यानं मुंबईतही पाहिलं नसेल. मला मात्र कळलं की त्याला एवढा मोठा कुणी केला.

परतीच्या ट्रकमध्ये वडील उघड्या डोक्यानं बसले होते. फेटा मांडीवर होता, घरी येईपर्यंत त्यांनी तो बांधला नाही. ट्रक हलत होता, मिठाचा वास येत होता, आणि मी बहिणीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. एकही पुरं झालं नाही. शेवटी मी सांगितलं ते एवढंच : "फेटा काढला त्यांनी. बाबांचा." तिनं निवडलेलेच तांदूळ पुन्हा सुपात घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावोजी आले. हातात काही नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेर, उन्हात उभे राहिले. वडील ओसरीवर, फेटा बाजूला पाटावर. बहीण आतल्या दाराआड. कोणी पाणीही विचारलं नाही.

"मामा, मी..."

"थांब," वडील म्हणाले. मग मला हाक मारली. "ए, इकडं ये. तुला सगळं मोजायची हौस ना? हा फेटा उलगड, आन् ह्याच्यावर पायाचे डाग किती ते सांग."

मी फेटा हातभर-हातभर उलगडला. अख्खा. उजेडात धरून पाहिला. चिखल नव्हता, घामाचा डागही नव्हता. "एकही नाय," मी म्हणालो.

"नसनारच. फेटा पायापासून चार बोटं वरून फिरवत होता. मी बघत होतो ना समोर बसून." ते भावोजींकडे वळले. "आन् त्या पोराला खाली घेतलास तेव्हा त्याच्या मानेखाली आपला हात दिलास. ते आठ वर्षं मीच शिकवलंय. तुला वळखायला मला चाल कशाला बघायची?"

भावोजींची मान खाली होती. लग्नानंतर पहिल्यांदा वडिलांनी त्यांना "तू" म्हटलं होतं, ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"पन एक चूक केलीस. मोठी. फेटा कसा उचललास?"

भावोजींनी नकळत दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, खुंटीवरून उतरवताना करतात तसे. आणि स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

"दोन्ही हातांनी!" वडील म्हणाले. "हजार मानसांसमोर वस्तादाचा अपमान करतोस आन् दोन्ही हातांनी? कुनी शहाना बसला आसता तर तिथंच वळखला आसता. वाईट व्हायचं तर नीट हो. आत ये."

दाराआडून बहिणीचा आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते सांगता येत नाही. भावोजी उंबरा ओलांडून आले. वडिलांनी फेटा पुन्हा बांधला, सावकाश, एकेक वेढा देत, आणि पाटावर ताठ बसले.

"हं. ओढ. एका हातानं."

भावोजींचा उजवा हात वर गेला आणि पाठोपाठ डावा. वडिलांनी डाव्यावर चापट मारली. "एक हात!" पुन्हा तेच. पुन्हा चापट. दोनशे आठ पौंडांचा माणूस घामानं निथळत होता. बाहेर मिठागर पांढरं लखलखत होतं, त्याचा उजेड ओसरीच्या छताला पाण्यासारखा हलत होता, आणि त्या हलत्या उजेडात माझे वडील डोळे मिटून अपमानाची वाट बघत बसले होते.

मी मोजत होतो. चौदाव्या खेपेला भावोजींनी डावा हात पाठीमागे कमरेत खुपसला आणि एका उजव्यानं फेटा ओढला. तो सुटत सुटत ओसरीभर गेला.

वडिलांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "आता खाशील शिव्या," ते म्हणाले, आणि आत बघून बहिणीला सांगितलं, "पोरी, पानी आन त्याला."