ज्यूकबॉक्स दारात, मी आत

मंडळी, ही पोस्ट मी आमच्याच बेडरूममध्ये अडकून लिहितोय. अगदी खरोखर अडकून.

दारात माझा ज्यूकबॉक्स रुतलाय. नाणं टाकलं की गाणं वाजवणारं, कपाटाएवढं जुनं यंत्र. नऊ वर्षांपूर्वी कॅम्पातलं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा उचलून आणला. सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून दर रविवारी एकेक भाग दुरुस्त केला. माझी बायको मेधा रोज विचारायची, "घर आहे की गोडाऊन?" शेवटी वैतागून विकायला काढला.

आज घेणारे गृहस्थ आले. मी आतून ढकलत होतो, ते बाहेरून ओढत होते. अर्ध्यात जो घट्ट बसला, तो हलेचना. मग आठवलं, मधे आम्ही दाराला ग्रॅनाइटची नवी चौकट बसवली होती. ज्यूकबॉक्सचं माप घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

मिस्त्रींना फोन केला. "जेवतोय. चारला येतो. चौकट फोडावी लागेल."

गृहस्थ म्हणाले, "चौकट कशाला फोडता? ते लाकडी खोकं कापा. मला आतलं मशीनच हवंय."

मी तोंड उघडायच्या आत बाहेरून मेधाचा आवाज आला. "नऊ वर्षं रोज पुसतेय मी ते खोकं. चौकट फुटली तरी चालेल. आपण निघा आता."

ते निघाले. मी इथेच आहे.

आत्ता तिने वरच्या फटीतून जेवणाचं ताट दिलं आणि बजावलं, "मिस्त्री आले की तो परत खिडकीपाशी ठेवायचा. जागेवर."

मंडळी, मग नऊ वर्षं मी हिचं नेमकं काय ऐकत होतो?