वाकड्या तोंडाची नक्कल

नक्कल संपली की काका दोन्ही तळवे पुढे करून विचारायचे, "ओळखलं का?"

ओळखायला काय लागतंय? तुमच्याही सोसायटीत असा एक असेलच. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकांच्या तावडीतून एकही माणूस सुटला नव्हता. माझी नक्कल करताना ते नुसतं पोट पुढे काढून, सगळे खिसे चाचपत किल्ल्या शोधायचे. तोंडातून एक शब्द नाही. माझी सख्खी बायको लगेच ओळखायची आणि वर सांगायची, "काका, पोट अजून थोडं."

सगळ्यात गाजलेली नक्कल चेअरमनची. चेअरमन बोलताना तोंड एका बाजूला ओढतात आणि दर वाक्याला "सभासदांनी नोंद घ्यावी" म्हणतात. दोघांचं पार्किंगवरून जुनं भांडण, त्यामुळे काका त्यात जीव ओतायचे.

डॉक्टरांचीही व्हायची. "मीठ कमी, सिगरेट बंद, बीपीची गोळी रोज!" असं दरडावून काका लोणच्याची फोड तोंडात टाकायचे. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी त्यांनी परस्पर बंद केली होती. "अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलंय ते!" काकू कळवळून सांगायच्या. मग काकूंची नक्कल.

रिडेव्हलपमेंटची सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. चहा फिरला. थोड्या वेळाने काका बोलायला उठले. कप हातातून पडला, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला आणि शब्द बोबडे होऊन बाहेर आले.

"चेअरमन!" सगळे ओरडले. "वन्स मोर!"

"बिल्डर आहे रे, बिल्डर!" मागून कोणीतरी.

चेअरमन लालबुंद. "सभेला काही शिस्त आहे की नाही?"

मी शिट्टी मारली. मला शिट्टी येत नाही, नुसती हवा येते, पण मारली.

काकांनी "ओळखलं का?" विचारलंच नाही.

काकू खुर्च्या सारत तरातरा पुढे आल्या. "अहो, हसा बघू." अर्धंच तोंड हसलं. "दोन्ही हात वर करा." उजवा गेला. डावा निम्म्यावर येऊन खाली पडला.

"ठराव मंजूर!" पुन्हा मागून.

"गप्प बसा रे मेल्यांनो!" काकू कडाडल्या. "नक्कल नाहीये ही, स्ट्रोक आहे. माझ्या वडिलांना असंच झालेलं. आम्ही म्हटलं, झोपू दे, उठले की बरं वाटेल. उठले ते कायमचे मुके होऊन."

मग सगळे एकदम डॉक्टर झाले. कोणी म्हणालं ॲसिडिटी, कोणी म्हणालं साखरपाणी. मी धावत जाऊन साखरपाणी आणलंही. काकूंनी ग्लास हिसकावला. "घशात अडकेल ना! तू एकशे आठला फोन लाव."

चेअरमन पुढे झाले. "नाक्यावरचं नर्सिंग होम माझ्या ओळखीचं आहे."

"तिथे सीटी स्कॅन आहे?"

"नाही, पण डॉक्टर फार सज्जन आहेत."

"त्यांच्या सज्जनपणाचं मी काय करू? मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात तिथे न्यायचंय. उशीर झाला तर तेही देत नाहीत."

ॲम्ब्युलन्स आत येईना, कारण वाटेत चेअरमनची गाडी. ज्या जागेवरून इतकी वर्षं भांडण चाललं होतं, ती जागा त्यांनी एका झटक्यात रिकामी केली आणि तीच गाडी ॲम्ब्युलन्सच्या मागे घातली. शेजारच्या सीटवर मी.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचे ठीक कधी होते?"

"तसे मागच्या गणपतीपासून जरा..." मी सुरू केलं.

काकूंनी मला बाजूला केलं. "चहा आला तेव्हा छान बोलत होते."

"चहा किती वाजता आला?"

"साडेदहाला," चेअरमन म्हणाले. "उशिरा आणला म्हणून टपरीवाल्याला मीच झापलं. नोंद घ्यावी."

डॉक्टरांनी खरंच नोंद घेतली.

स्कॅन झाला, गुठळी दिसली, इंजेक्शन वेळेत गेलं. काका बोलू लागले. डावा हात तेवढा आळशी राहिला. मग काकूंचं राज्य आलं. गोळी रोज, सिगरेट बंद, लोणचं बंद. आणि तोंड वाकडं करायची नक्कल तर कायमची बंद. "उद्या पुन्हा खरं झालं तर मी ओळखू कसं?" काकू म्हणायच्या.

म्हणजे चेअरमन सुटले. पण ते काही खूश दिसेनात. काका कोणाचीही नक्कल करायला लागले की ते लांब उभे राहून बघत असायचे.

आज आमच्या बिल्डिंगच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे. बिल्डिंग रिकामी करताना काका-काकूंचं सामान टेम्पोत चढलं, डोंबिवलीला लेकीकडे जायला. चेअरमन घोटाळत घोटाळत जवळ आले.

"जाता जाता... एकदा माझी होऊन जाऊ द्या."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"आधी हात वर करून दाखवा," काकू म्हणाल्या.

दोन्ही वर गेले. डावा जरा मागून गेला, पण वर राहिला.

"हं. एकदाच."

काकांनी तोंड ओढलं. "सभासदांनी... नोंद घ्यावी." पूर्वीपेक्षा सावकाश, पण हुबेहूब. मग तळवे पुढे. "ओळखलं का?"

चेअरमननी हळूच हात वर केला.