माझं गाणं आणि बाबांची डुकरं

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे भाव वाढू नयेत म्हणून देवाला हात जोडणारा मी एकटाच माणूस असेन.

कारण माझा स्टुडिओ सोयाबीनचा होता. मेडशीजवळच्या आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. भाव वाढायची वाट बघत बाबा तिथं सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, थप्पी लावून ठेवतात. एकदा त्या थप्प्यांच्या मधे उभा राहून सहज गुणगुणलो, आणि काय सांगू! आवाज घुमणं नाही, बाहेरच्या बकऱ्या नाहीत, शेजारचा मिक्सर नाही. शहरातली माणसं असल्या शांततेसाठी भिंतींना काय काय चिकटवतात. माझ्याकडे ती छतापर्यंत रचलेली होती. (उंदीर मोफत.) मी माईक आणला, हेडफोन आणले, लॅपटॉप कट्ट्यावर ठेवला आणि स्वप्नं बघायला लागलो.

स्वप्नं बघण्यात माझा कोणी हात धरू शकत नाही. डोळे मिटले की खोली विरघळून जायची. समोर अंधारात हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा मिणमिणता दिवा, आणि मी अगदी हळूच पहिला सूर लावतोय...

"अवो, उठा त्या कट्ट्यावरून," दारात बायको, शुभांगी. "मले मागची परात काढाची हाय."

हजारो माणसं एका झटक्यात नाहीशी व्हायची. परात तेवढी उरायची.

माझं पहिलं गाणं मीच लिहिलं, मीच चाल लावली, मीच गायलं. आमच्या वावरात तूर फुलली की संध्याकाळी सगळं पिवळं होऊन जातं, उजेड जणू जमिनीतूनच वर येतोय असं वाटतं. त्या उजेडातून ती चालत येते, असं ते गाणं: 'तुरीच्या फुलांतून ये ना.' शेवटच्या 'ये'वर मी असा उंच सूर लावला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. (शुभांगी म्हणते, नस ताणली असेल.) गाणं इंटरनेटवर चढवलं. ऐकणारे जमले ते असे: मी, माझा दुसरा मोबाईल आणि मेहुणा. त्यातही मेहुण्यानं मधेच बंद केलेलं. कुणी कुठं बंद केलं तेसुद्धा तिथं दिसतं हो! काय हा दुष्टपणा!

एक दिवस बाबा खोलीच्या दारात उभे राहिले.

"गोपाल, हे गानं काही कमावते का?"

"कमावते ना बाबा. वेळ लागते थोडा."

"तूर घरात आली का मले ही खोली पायजे. तवर तुह्या गान्यानं एक रुपया जरी आनला, तं खोली तुही. नाई तं हा पसारा माळ्यावर."

माळ्यावर! त्या खोलीत मी कोणीतरी होतो. खोलीबाहेर मी म्हणजे पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला गोपाल, बस. त्या दिवसापासून मी वावरात गेलो की तुरीच्या शेंगा भरू नयेत असं वाटायचं, आणि शेतकऱ्याच्या पोटी जन्मून असं वाटतं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

तेवढ्यात डुकरं आली.

रानडुकरांपायी आमच्याकडे रात्री जागलीला जावं लागतं. हल्ली जो तो वावरात छोटा भोंगा लावतो. त्यात पेनड्राईव्ह खुपसायचा, रात्रभर 'हाऽऽट! हुर्रर्र!' वाजत राहतं. पण आमच्या भोंग्याची डुकरांना सवय झाली होती. बाबांच्या मते तर ती आता त्या आवाजाशिवाय जेवत नव्हती!

"तुही मशीन कामाची हाय ना?" बाबा म्हणाले. "मंग माहा आवाज भर त्याच्यात. ताजा."

जिथं मी चांदण्यासारखे सूर जपले, तिथं डुकरांना शिव्या! पण खोली त्यांची होती. मी मुकाट्यानं त्यांच्या टोपीवर हेडफोन चढवले.

"बाबा, माईकपासून थोडे दूर व्हा."

"डुकराच्या जवळ जाऊनच बोंबलाचं अस्ते बे!"

आणि त्यांनी अशी काही आरोळी ठोकली की लॅपटॉपवर सगळं लालेलाल झालं, थप्पीवरून एक उंदीर खाली पडला आणि चुलीपासून आई धावत आली. "काय झालं वो? इचू चावला का?"

एका दमात काम झालं. घाईघाईत मी आरोळी पेनड्राईव्हवर टाकली आणि बाबा संध्याकाळी वावरात गेले.

आता एक सांगायचं राहिलं. मी काहीही रेकॉर्ड केलं की त्याला 'फायनल' नाव देतो. मग 'फायनल दोन', मग 'शेवटचं फायनल', मग 'हेच फायनल'. (हा धंदा करणारा कुणीही असंच करतो, मी पैज लावतो.) सकाळी लॅपटॉप उघडला आणि बघतो तर काय! बाबांची आरोळी होती 'हेच फायनल'. पेनड्राईव्हवर गेलं होतं 'शेवटचं फायनल', म्हणजे 'तुरीच्या फुलांतून ये ना'. रात्रभर, पुन्हा पुन्हा, भोंग्यावरून मी डुकरांना तुरीत बोलावत होतो!

तूर संपली, खोली गेली, आता बाबा चप्पल काढणार. मी तसाच दाराकडे पळालो. बाबा येतच होते.

"बाबा... तूर?"

"काडीलेबी धक्का नाई! एक डुक्कर फिरकलं नाई बापा! पन तू भरलं काय त्याच्यात? माहा आवाज नोयता तो. कोनीतं दुखनाईत मानूस कन्हून राह्यलता. मलेच भेव वाटे. म्या तं कानाले दुपट्टा बांधून झोपलो."

शुभांगीनं पदर तोंडात कोंबला. पण तिला राहवेना. "मामाजी, ते तुमच्या पोराचं गानं व्हय. बायकोले बोलवाचं."

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग शुभांगीकडे बघितलं.

"पोरी, तू आली कशी वं?"

दोन दिवसांत गावात बोभाटा झाला. शेजारच्या वावरवाल्यानं पेनड्राईव्ह नेला आणि वर पैसे ठेवून गेला. मग दुसरा आला, मग कारंज्याच्या बाजारात कुणीतरी कुणाला सांगितलं आणि फोन सुरू झाले. बाबांनी शब्द पाळला. खोली माझी झाली, आईनं माईकला हळदकुंकू लावलं. इंटरनेटवर अजूनही आम्ही तेवढेच होतो, पण जिल्हाभरातली डुकरं मला टाळत होती. आनंद झाला की वाईट वाटलं, ते माझं मलाच कळेना.

आणि एक दिवस केनवडहून नामदेवभाऊंचा फोन आला. हे आमचं नवं गिऱ्हाईक.

"गोपालभाऊ, पैसे वापस करा. डुकरं गेले, पन एक रोही जात नाई. दिवस बुडता बुडता गानं लावलं का येते, धुऱ्यावर उभा राह्यते अन् आयकत राह्यते."

मी उठून उभाच राहिलो. "आयकते? पूर्ण?"

"पूर्ण! कान टवकारून!"

मेहुण्याला जे जमलं नाही, ते एका रोह्यानं, रानातल्या नीलगायीनं केलं होतं! बाबांनी माझ्या हातून फोन घेतला.

"नामदेवभाऊ, पैसे घिऊन जा तुमचे. पन त्याले हाकलू नोका. पोराचा तेवढाच एक आयकनारा हाय."

बाबा असं काही बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं केनवड गाठलं. नामदेवभाऊंनी मला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसवलं आणि भोंगा सुरू केला. ऊन कलतं झालं होतं, तूर उशिराची, अजून फुलावर होती. जमिनीतून वर येणारा तोच पिवळा उजेड. आणि त्या उजेडातून तो आला. निळसर करडा, उंचापुरा, पाय न वाजवता. पलीकडच्या धुऱ्यावर थांबला, मान वर केली आणि ऐकायला लागला. वारा नव्हता. एक फूल हलत नव्हतं. मी डोळे मिटले. अंधारातले ते हजारो दिवे मला खरंच दिसले हो!

मग मला राहवलंच नाही. शेवटचा 'ये' आला तसा मी उठलो, दोन्ही हात पसरले आणि भोंग्याच्या सुरात माझा जिवंत सूर मिसळला.

डोळे उघडले तेव्हा समोर नुसती तूर हलत होती. रोही पार पलीकडचं वावर ओलांडून तिसऱ्यात उड्या मारत होता.

नामदेवभाऊ धावत आले आणि त्यांनी मला मिठीच मारली.

"गोपालभाऊ, ते रेकार्डिंग ठेवा तुमच्याजवळ. तुमीच येत जा! जानं-येनं अन् जेवन माह्याकडे!"

तूर निघेपर्यंत केनवडला माझे जाहीर कार्यक्रम झाले. समोर एकही श्रोता उरला नाही, की नामदेवभाऊ खूश होऊन म्हणायचे, "वा! आज रंगला."