चाळीस तास खुर्चीत

मावशी मला पहिल्यांदा दिसली ती पावलापासून. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन आडव्या दांड्यांना धरून मी चालायला शिकत होतो. पाय घसरणार, एवढ्यात रबरी चप्पल घातलेलं एक पाऊल माझ्या पावलाला अडसर होऊन बसलं. वर पाहिलं, तर तिच्या एका हातात फरशी पुसायचा दांडा आणि दुसरा माझ्या कमरेला.

"खाली काय शोधताय सर? काही पडलेलं नाही. समोर बघा."

फिजिओथेरपी विभागात सगळेच तिला मावशी म्हणत. मी अडुसष्टचा, ती एकोणचाळीसची. आठवड्याभरात मीही मावशीच म्हणू लागलो. फरशी पुसणं, चादरी बदलणं, शेकाच्या पिशव्या भरणं हे तिचं काम. पेशंटला उठवणं-बसवणं कागदावर कुठे नव्हतं, पण सोळा वर्षं तेही तीच करत होती.

थेरपिस्टच्या सहायकाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज तिने मला दाखवला तेव्हा वाटलं, हा तर हिच्या हातचा मळ. वयाची अट चाळीसच्या आतली, म्हणजे हीच शेवटची संधी. शिवाय चाळीस तास थेरपी पाहिल्याचा थेरपिस्टच्या सहीचा दाखला हवा होता.

"चाळीस कसले? सोळा वर्षं लिही की!"

"लिहिलं होतं. परत आलं. पगारावर असताना पाहिलेलं धरत नाहीत. खुर्चीत बसून पाहायचं, पेशंटला हात लावायचा नाही."

तिने उरलेली पाचही दिवसांची रजा टाकली आणि रोज आठ तास आपल्याच विभागाच्या कोपऱ्यात हात मांडीखाली दाबून बसू लागली.

"काय मावशी, आज पाहुण्या? चहा मागवू?" वॉर्डबॉयने चिडवलं.

"मागव. आणि कपही तूच विसळ."

चौथ्या दिवशी डाव्या अंगावरून वारं गेलेला एक रंगारी खुर्चीतून उठताना कोलमडला. थेरपिस्टची पाठ वळलेली होती. मी ओरडेपर्यंत तो मावशीच्या हातांत होता.

थेरपिस्ट मुलगी तिच्या भाचीच्या वयाची. ती वही घेऊन उभी राहिली. "मावशी, तुम्ही हात लावलात."

"लावला."

"आजचे तास मला लिहिता येणार नाहीत."

"मग पडू द्यायचा होता का त्याला?" मी तडकलो.

मुलीचे डोळे भरून आले. मावशीनेच मला गप्प केलं. "सर, त्यांना कशाला बोलता? खोटं लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल."

आठ तास बुडाले. पाचव्या दिवशी रजाही संपली. अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत, आणि दुपारनंतर घरी अंथरुणाला खिळलेली सासू. शेवटी तिने जावेला गळ घातली. जाऊ आली, पण बोलून घेतलंच: "तुम्ही बसून बघायचं, आणि म्हातारीला उचलायचं मी!"

मंगळवारी आणि बुधवारी सहा ते दोन ड्यूटी करून, दोन ते सहा ती पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. माझी व्यायामाची वेळ आता पाचची झाली होती. तिच्या पापण्या मिटत होत्या.

"सर, डुलकी लागली तर काठीने ढोसा. झोपेत पाहिलेलंही धरत नसतील."

मी दोनदा ढोसलं. बुधवारी सहाला सही झाली. दाखला घडी करून ती उठली खरी, पण दारापर्यंत जाताना भिंतीला हात लावत गेली. "मावशींना कशाचा आधार घेताना मी कधी पाहिलं नव्हतं," थेरपिस्ट मुलगी मला म्हणाली.

प्रवेशाच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं लागलं. आता ती पहिल्या वर्षाला आहे. सकाळी वर्ग, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत बायकांच्या वॉर्डात सफाई. दिवसभर सासूला तिची जाऊ सांभाळते. रविवारी दुपारी मावशी झोपते.