साठ रुपये माणशी

माझ्या फजितीचे किस्से पुष्कळ आहेत, पण बायकोच्या माहेरी अजून सांगितला जातो तो हा एकच. तिकडे त्याला मीठमसाला लावतात, म्हणून म्हटलं, एकदा आपणच आपल्या तोंडानं खरं काय ते सांगून टाकावं. चहा घ्या, गार होतोय.

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. मी तेव्हा चेन्नईत गिंडीच्या एका कारखान्यात होतो. गिअर बनवायचो. राहायला अड्यारला, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी, बायको स्मिता आणि सहा वर्षांची मुक्ता. डिसेंबरात नगरहून सासू-सासरे आले. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. एसटीत कंट्रोलर होते ते, तीस वर्षं. गाड्या सुटण्याच्या घोषणा करून त्यांच्या वाट्याचं बोलणं तिथेच संपलं असावं, कारण घरी ते बोलत नसत. आठ वर्षांत त्यांनी मला चांगला जावई म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं. तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे जीव किती टांगणीला लागतो!

तर त्यांना दोन दिवस महाबलीपुरमला न्यायचं ठरलं. समुद्रकाठ, पल्लव राजांची लेणी, दगडात कोरलेले रथ. स्मिता म्हणाली गाडी करू. मी म्हटलं अड्यारहून बस जाते. ती म्हणाली हॉटेल चांगलं घेऊ. मी एका लॉजवर एकच खोली घेतली आणि दोन जादा गाद्या मागितल्या. जेवायला म्हणून सासूबाईंकडून चाळीस दशम्या करून घेतल्या. बसमध्ये अण्णा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

उतरलो तर समोर गाइड. गळ्यात बिल्ला, हिंदी तोडकंमोडकं पण स्वभाव गोड. म्हणाला, साठ रुपये माणशी. पाच माणसांचे तीनशे! मी त्याला हात हलवून वाटेला लावलं आणि अण्णांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गाइड कशाला? मी आहे ना."

आता, मी अगदीच हवेत बोलत नव्हतो. ऑफिसातल्या प्रिंटरवर महाबलीपुरमची चार पानं काढून आणली होती मी. फक्त ती कुठे होती, ते मला माहीत नव्हतं. पहिल्या शिल्पापुढे पोचल्यावर कळलं. सासूबाईंनी त्यांत लसणाची चटणी बांधली होती. तेल असं मुरलं होतं की दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळून गेलेली. एक 'पल्लव' तेवढा वाचता आला.

समोर तो प्रचंड कातळ. त्यावर हत्ती, देव, ऋषी, माकडं, आणि मधोमध एका पायावर उभा असलेला एक हाडकुळा तपस्वी. अण्णा हात मागे बांधून उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. एसटी वेळेवर का सुटली नाही, असं विचारल्यासारखं.

मी सुरुवात केली. आणि एकदा सुरू झाल्यावर, काय सांगू, मला ते जमायलाच लागलं. तो तपस्वी एका पायावर का उभा? तर दुसऱ्या पायाचं कोरीवकाम चालू असताना राजानं मुख्य कारागिराची बदली केली. खाली एक मांजर मागच्या दोन पायांवर उभं आहे, ते राजाच्या धान्यकोठाराचं मांजर, बावीस वर्षं नोकरी केली म्हणून त्याला दगडात जागा मिळाली. मुक्तानं विचारलं, मांजराचं नाव काय. मी सांगितलं, सिंहविष्णू. पल्लवांचं एवढं एकच नाव मला आठवत होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "वा."

वळून बघतो तर वीस-बावीस माणसं. जळगावहून दक्षिणेच्या सहलीला आलेली, सगळी साठीच्या पुढची, डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. त्यांना वाटलं, सहलवाल्यांनी शेवटी मराठी गाइड दिला एकदाचा! मी सांगायला तोंड उघडलं होतं हो. पण तेवढ्यात एका आजोबांनी अण्णांना विचारलं, "हे तुमचे कोण?" आणि अण्णा म्हणाले, "जावई."

आठ वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आता मी थांबणार होतो का?

ती सगळी वरात घेऊन मी टेकाडावर गेलो. तिथे उतारावर एक भलामोठा गोल धोंडा आहे, कृष्णाचा लोण्याचा गोळा म्हणतात त्याला. आता पडेल, मग पडेल असं वाटतं, पण शेकडो वर्षं जागचा हललेला नाही. मी सांगितलं की तो आतून पोकळ आहे. गिअरच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असंही म्हटलं. दोघांनी वहीत लिहून घेतलं. स्मिता एव्हाना दूर जाऊन समुद्र बघत होती.

गर्दीच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, हातात छत्री, शेजारी नऊवारीतल्या बाई. ते जळगावचे नव्हते. मी बोलायला लागलो की ते डोळे मिटून ऐकत. मला वाटलं, तल्लीन झाले.

तेवढ्यात जळगावच्या एका काकूंनी टोप्यांतून रुमाल फिरवला, प्रत्येकी दहा रुपये गोळा केले आणि भरला रुमाल माझ्यापुढे धरला. मी नको नको म्हणत हात पुढे केला आणि नेमके त्याच वेळी चार गाइड टेकाड चढून वर आले. सकाळचा तो गोड माणूस सगळ्यांच्या पुढे. आता गोड नव्हता. बिल्ला कुठाय, परवाना कुठाय, आमच्या पोटावर पाय देतोस का, असं तो तमिळमध्ये विचारत असावा. माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. दुसऱ्यानं रुमालाकडे बोट दाखवून पोलीस हा शब्द उच्चारला. तो मात्र सगळ्यांना कळला. मुक्ता रडायला लागली. अण्णांचा चेहरा बघायची माझी हिंमत झाली नाही.

आणि ते छत्रीवाले गृहस्थ पुढे झाले. त्यांना पाहिल्याबरोबर सकाळच्या गाइडनं हात जोडले. तो त्यांचा शाळेतला विद्यार्थी निघाला! त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात, दोन-तीन मिनिटं काहीतरी सांगितलं. त्यातला 'पैत्यम' हा एक शब्द तीन-चारदा आला. प्रत्येक वेळी चौघं माझ्याकडे बघत आणि त्यांचे चेहरे मऊ मऊ होत जात.

मग जे झालं ते ऐका. एकानं मला सावलीत बसवलं. दुसऱ्यानं शहाळं आणलं, पैसे घेतले नाहीत. सकाळच्या गाइडनं तर स्वतःच्या खिशातून दहाची नोट काढून त्या रुमालात ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी समजलो, पैत्यम म्हणजे पंडित. एका जाणकारानं दुसऱ्याला दिलेला मान! भारावून मी त्याला धोंडा पोकळ असल्याचं हिंदीतून पुन्हा समजावलं. तो डोळ्यांत पाणी आणून प्रत्येक वाक्याला हो म्हणाला.

टोप्या त्यांच्या बसकडे गेल्या, गाइड उतरून गेले, आणि मी त्या गृहस्थांचे आभार मानायला उठलो. इंग्रजीत सुरुवात केली तर ते मराठीत बोलले. मराठी खरं, पण सूर तमिळचा आणि शब्द माझ्या पणजोबांच्या पत्रातले. नाव सुंदरराव. घराणं मूळचं तंजावरचं, आता राहणं चेन्नईत, चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला. म्हणजे मी बोललो तो प्रत्येक शब्द त्यांना कळला होता. सिंहविष्णू मांजरासकट.

"क्षमा असावी," ते म्हणाले. "तुम्हांस पैत्यम आहे म्हणून सांगितलें. दुसरा उपाय सुचला नाहीं, सार."

"पैत्यम म्हणजे?"

ते योग्य शब्द शोधत राहिले. कपाळाजवळ बोट नेऊन हवेत गोल फिरवलं, पण बोलवेना. शेवटी त्यांच्या पत्नीनं मदत केली.

"वेड," त्या म्हणाल्या.

मग सगळंच बाहेर आलं. त्यांनी गाइडांना सांगितलं होतं की हा मुलगा दगड दिसला की बोलत सुटतो, आणि घरच्या माणसांनी गोल करून ऐकलं तरच शांत राहतो. पिवळ्या टोपीवाली बावीस माणसं ती सगळी घरचीच, बिचारी याच्यापायी देशभर हिंडतात. आणि रुमालातले पैसे? ती औषधपाण्याची वर्गणी.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली वाकून छातीवर हात दाबत होते. मला वाटलं, दुखतंय की काय. मग आवाज आला. आठ वर्षांत हसले नव्हते तेवढे ते त्या धोंड्याला टेकून हसत होते. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल माझ्या हातातून काढून घेतला आणि खालच्या देवळाच्या पेटीत रिकामा करून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरचं देऊळ आणि रथ बघायचे होते. अण्णा आंघोळ करून सगळ्यांच्या आधी खाली उतरले आणि कुणाला न विचारता गाइड ठरवून आले. कोण असणार? तोच.

दोन तास त्यानं काय सुंदर सांगितलं म्हणून सांगू! मी एक प्रश्न विचारला नाही, एक दुरुस्ती सुचवली नाही. रस्ता ओलांडताना त्यानं एका हातानं मुक्ताला धरलं आणि दुसऱ्या हातानं मला. मी हात सोडवून घेतला नाही. घेतला असता तर सुंदररावांचा शब्द खोटा पडला असता.

शेवटी अण्णांनी पाकीट उघडून तीनशे रुपये त्याच्यापुढे केले. त्यानं नोटा मोजल्या, साठ रुपये परत दिले आणि माझ्याकडे मायेनं बघत म्हणाला, "इनका नहीं लेता, साहब."

दोन दिवसांच्या त्या सहलीत माझ्यामुळे वाचलेले पैसे ते एवढेच.